चंद्रनाथचा डोंगर: पारोड्याहून वर आणि परत

गोव्यातल्या सासष्टीच्या शेतांतून पूर्वेकडे पाहिलं की बाकीच्या टेकड्यांतून एक डोंगर वेगळा उठून दिसतो. तो पारोड्याचा चंद्रनाथ. उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या हिशेबात ही टेकडीच. पण इथून समुद्रापर्यंत एवढ्या उंचीचं दुसरं काही नाही, त्यामुळे पश्चिमेची बाजू पूर्ण मोकळी आहे. साडेतीनशे मीटरवरून समुद्राचं क्षितिज जवळपास 65 किलोमीटरवर जातं. कोलव्याच्या वाळूत उभं राहिलं तर ते जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं. तासा-सव्वातासाच्या चढात एवढा फरक गोव्यात फार थोड्या ठिकाणी पडतो.

डोंगर असा उभा का राहिला, हे पायाखालच्या दगडात दिसतं. गोव्यातल्या बऱ्याचशा टेकड्या जांभ्याच्या, वर सपाट सडा असलेल्या. चंद्रनाथ ग्रॅनाइटचा आहे. भूगर्भशास्त्रात ‘चंद्रनाथ ग्रॅनाइट नाइस’ (नाइस म्हणजे उष्णता-दाबाने बदललेला पट्टेदार खडक) म्हणून या खडकाची वेगळी नोंद आहे आणि त्याचं वय अडीच अब्ज वर्षांहून जास्त मानलं जातं. आजूबाजूचा मऊ खडक झिजत गेला, हा टणक भाग मागे राहिला. चालणाऱ्याला याचा उपयोग असा की कोरड्या ग्रॅनाइटवर बुटाची पकड उत्तम बसते. त्रास दोनच गोष्टींचा. एक म्हणजे दगड झिजून सुटलेली जाडी, दाणेदार वाळू, आणि दुसरा पावसाळ्यानंतर दगडावर राहिलेला काळा पापुद्रा. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण इथे माणसं पडतात ती या दोन गोष्टींवरून.

आधी दिवस कोणता निवडायचा ते. मान्सून गोव्यातून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत निघतो. त्यानंतरचे चार-पाच आठवडे या डोंगराचे खरे. पावसाने हवेतली धूळ धुऊन काढलेली असते, जंगल अजून हिरवं असतं आणि खाली सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात पिवळं पडलेलं किंवा नुकतं कापलेलं असतं. डिसेंबर लागला की हवा कोरडी होते, धूळ-धूर खालच्या थरात साचून राहतो आणि समुद्र व आभाळ यांच्यामधली रेघ पुसली जाते. मार्च-एप्रिलमध्ये तर मडगावसुद्धा धूसर दिसतं. ऑक्टोबरमध्ये वळवाची सर पडून गेली की दुसऱ्या दिवशीची सकाळ सगळ्यांत स्वच्छ मिळते. संध्याकाळी पाऊस पडला आणि रात्री आभाळ मोकळं झालं, तर झोप सोडून निघावं, एवढा फरक असतो. अरबी समुद्रात चक्रीवादळ फिरत असेल तेव्हा मात्र जायचं नाही. 2019 मध्ये ऑक्टोबरच्या शेवटी ‘क्यार’ वादळ किनाऱ्यापासून दूरूनच गेलं, तरी गोव्याला पावसाने झोडपलं होतं.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर यांच्यातही भेद आहे. ऑक्टोबरात सकाळी हवेतला दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही. अंगावरून नुसता ओघळतो आणि शरीर थंड होत नाही. म्हणून चढ तोच असला तरी दम जास्त लागतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून पहाटे गारवा येतो आणि चालणं सुखाचं होतं. ज्यांना चालण्याची सवय नाही त्यांनी नोव्हेंबर धरावा. ज्यांना नजारा हवा आणि घामाची पर्वा नाही, त्यांनी ऑक्टोबरचा उत्तरार्ध.

पारोडा मडगाव–केपे रस्त्यावर आहे. मडगावच्या कदंब स्थानकावरून केप्याला जाणाऱ्या बसने यायचं आणि कंडक्टरला ‘चंद्रनाथ’ म्हणून सांगून ठेवायचं, पायथ्याच्या फाट्याशी उतरवतात. पावसाळ्यात कुशावतीला पूर आला की पारोड्याचा रस्ता पाण्याखाली जातो. ऑक्टोबरात ती अडचण सहसा नसते, पण रात्रभर धो धो पडला असेल तर निघण्यापूर्वी चौकशी करावी. उजाडताना चढायला लागायचं असेल, आणि तसंच लागावं, तर पहाटेची बस आदल्या दिवशी विचारून ठेवायची, नाहीतर दुचाकी घेऊन पायथ्याशी लावायची. वर गाडीरस्ता जातो हे खरं. पण गाडीने वर जाणारा माणूस दहा मिनिटांत पोचतो, दोन फोटो काढतो आणि खाली येतो. झाडी कशी बदलते, हवा कुठे थंड लागते, कुठल्या वळणावर पहिल्यांदा समुद्र दिसतो, हे त्याच्या हाती लागत नाही. म्हणून रस्त्यानेच जायचं, पण पायी.

सूर्योदय ऑक्टोबरच्या शेवटी साडेसहाच्या आत-बाहेर आणि नोव्हेंबरच्या मध्याला त्याहून पाच-सात मिनिटं उशिरा. सव्वासहाला पायथा सोडला की वाट दिसण्याइतका उजेड असतो आणि साडेसातपर्यंत माथा येतो. आठनंतर निघालात तर परतीचा उतार दहा-अकराच्या उन्हात येईल.

सामानात पहिलं पाणी. ऑक्टोबरात माणशी दोन लिटर, नोव्हेंबरच्या अखेरीस दीड लिटर पुरे. त्यातलं एक लिटर साधं आणि बाकीचं मीठ-साखरेचं: एका लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, वर अर्धं लिंबू. मिठाचं प्रमाण वाढवू नये. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते ओतून नवं करावं. नुसतं साधं पाणी ढोसून चढणाऱ्यांना उतरताना पोटरीत गोळे येऊ शकतात. खायला चणे-गूळ, केळी किंवा पोदेराचा (पाववाल्याचा) उंडा, म्हणजे गोल पाव, आणि त्यात चटणी. तेलकट भजी वगैरे नकोत, चढावर ती घशाशी येतात. टोपी, पंचा, शिट्टी, चिकटपट्टी, लहान विजेरी आणि कचरा परत आणायला एक पिशवी. झालं.

बूट खाचदार रबरी तळाचे हवेत. तळ गुळगुळीत झालेले कॅनव्हास बूट इथे सगळ्यांत वाईट. ऑक्टोबरात रस्त्याच्या कडेचं गवत पिकलेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यात घुसतात. एकदा घुसलं की प्रत्येक पावलाला आत सरकतं, कारण त्याच्या टोकाशी उलट्या दिशेचे बारीक केस असतात. खेचून काढायला गेलं की टोक तुटून आतच राहतं. चिमटीत धरून ज्या दिशेने शिरलं त्याच दिशेने पुढे ओढून काढायचं. लोकरी मोज्यांपेक्षा दाट विणीच्या नायलॉन मोज्यांत ती कमी अडकतात. पँट मोज्यात खोचली तर प्रश्नच मिटतो, आणि जळवा-गोचिडींचाही थोडा बंदोबस्त होतो. जळवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओल्या घळींत असतात, पुढे पाऊस ओसरला की नाहीशा होतात.

चढ सुरू होतो तो लगेच. सपाटीवरून अंग तापवून घ्यायला जागा नाही, म्हणून पहिली दहा मिनिटं मुद्दाम सावकाश चालायचं. बोलताना वाक्य पूर्ण करता आलं तर वेग बरोबर आहे, मध्ये श्वास घ्यावा लागला तर जास्त आहे. नवखे लोक पहिल्या दोन वळणांवर जोरात जातात आणि मग उरलेली वाट बसत-उठत काढतात. वीस मिनिटं चालणं, दोन मिनिटं उभ्याने थांबणं, दोन-तीन घोट पाणी, एवढं नेमाने केलं तर बसायची गरजच पडत नाही.

रस्ता नागमोडी आहे आणि वळणं अगदी आवळलेली. वळणाची आतली कड सगळ्यांत खडी असते, बाहेरची कड लांब पण सौम्य. पोटऱ्यांना बाहेरची परवडते आणि सुरक्षितही तीच, कारण वरून येणाऱ्याला तुम्ही लवकर दिसता. सरळ भागात समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूने चालायचं. इथे एक धोका मनापासून सांगावासा वाटतो. काही दुचाकीवाले पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडतात. आवाज येतच नाही, वळणावर अचानक चाक समोर उभं राहतं. म्हणून कानात गाणी लावून हा रस्ता चालू नये. आणि जे स्कूटरने वर जातात त्यांनी उतरताना इंजिन चालू ठेवावं, ब्रेक सतत दाबून न धरता दाबून-सोडून वापरावा. सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर पकड सोडतो.

पायथ्याशी काजू, बांबू आणि करवंदीच्या जाळ्या. वर जाताना झाडी मोठी होते. या दिवसांत किंदळ ओळखायला सोपा, कारण पानांच्या वर गंजलेल्या तांबूस रंगाचे फळांचे झुबके आलेले असतात आणि लांबून झाडावर तुरे आल्यासारखं वाटतं. शेजारी मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल दिसली तर ती माट्टी, गोव्याचा राज्यवृक्ष. फांद्यांवर पानं एकमेकांना शिवून केलेले गोळे दिसतील, ती हुमल्यांची, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांची, घरं. खालून जाताना फांदीला हात लावू नये. एक मुंगी चावली की बाकीच्या धावून येतात. रस्ता सोडून झाडीत शिरण्याचा मोह टाळावा. गवत उंच असताना पाय कुठे पडतो ते दिसत नाही, आणि दगडांत फुरसं, बांबूत चापडा हे विषारी साप असू शकतात. सकाळी थंड दगडावर बसण्यापूर्वी काठीने कड ठोकून घ्यावी आणि हात आधी खाली टेकू नये.

गाड्या थांबतात तिथून पुढे पायऱ्या लागतात. दम लागतो तो इथे, कारण घाटातला पाय एका लयीत पडत असतो आणि पायऱ्यांना ती लय मोडते. कठडा असेल तिथे धरावा, पायरीवर पूर्ण तळवा टेकवावा. नुसत्या चवड्यावर चढलं की पोटरी भरून येते. वर देऊळ आहे चंद्रेश्वर भूतनाथाचं. गोव्याच्या प्राचीन भोज राजघराण्याचं हे दैवत मानलं जातं आणि त्यांची राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचं चांदर, डोंगराच्या उत्तरेला खाली दिसतं. शिरोड्याला सापडलेला देवराज भोजाचा ताम्रपट चंद्रपुरातूनच दिला गेला होता, साधारण चौथ्या शतकात. पुढे कदंबांनीही तिथून राज्य केलं आणि अकराव्या शतकात राजधानी गोपकपट्टणाला (आजचं गोवा वेल्हा) हलली. वर उभं राहून पाहिलं की जागा का निवडली ते कळतं: नदी, शेती आणि टेहळणीचा डोंगर, तिन्ही हाताशी. देवळात जायचं असेल तर गुडघे झाकणारे कपडे घालून यावं, बूट बाहेर काढावेत आणि घामाचा सदरा बदलून घ्यावा. ओल्या सदऱ्याने वाऱ्यात बसलं तर उतरायच्या आधीच अंग आखडतं.

आता ज्यासाठी एवढं चढायचं ते. सकाळी आधी पश्चिम बघायची. सूर्य पाठीशी असतो, उजेड समोरच्या दृश्यावर पडतो, रंग खरे दिसतात. पूर्व सकाळी उजेडाच्या विरुद्ध असल्याने सह्याद्री नुसती निळी रेघ दिसते. ती बाजू संध्याकाळची. वायव्येला मडगाव, घरांच्या दाटीवरून लगेच ओळखू येतं. त्याच्या पलीकडे मुरगावचं पठार समुद्रात शिरलेलं. सरळ पश्चिमेला माडांची गर्द पट्टी, तिच्या पुढे वाळूची पातळ पांढरी रेघ आणि मग समुद्र: कोलवा, बाणावली, वार्का, केळशी असा तो किनारा सलग उलगडतो. किनारा इथून साधारण बारा-पंधरा किलोमीटर आहे, त्यामुळे लाटा दिसत नाहीत, पण स्वच्छ दिवशी होड्या ठिपक्यांसारख्या कळतात. नैर्ऋत्येला साळ नदी समुद्राला मिळते ते बेतूल, आणि त्याच्याही दक्षिणेला काब द रामचा डोंगर पाण्यात उतरलेला. उत्तरेला कुडतरीची तळी सूर्य थोडा वर आला की चमकायला लागतात. तळी मोजायची असतील तर हीच वेळ. 8×42 ची दुर्बीण असली तर मजा दुणावते. त्याहून जास्त पटीची हातात स्थिर राहत नाही.

खालची शेतं जवळून बघण्यासारखी आहेत. एकाच चौकटीत तीन रंग मिळतात: उभं पिवळं भात, कापून झालेल्या शेतातला फिकट पेंढा आणि जिथे पाणी साठून राहिलं तिथे आभाळाचा निळा. सरदाचं भात कापलं की काही शेतांत वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, तयारी सुरू होते. जानेवारीत वर आलं तर नेमकी तीच शेतं परत हिरवी दिसतात. कुठे वायंगण होतं आणि कुठे पडीक ठेवतात, याचा नकाशाच वरून मिळतो. तो पाहायला दोन हंगामांत दोनदा यावं लागेल आणि तसं यावं असंच आमचं सांगणं आहे.

नोव्हेंबरच्या पहाटे आणखी एक गोष्ट घडते. रात्री आभाळ निरभ्र असलं की जमीन लवकर थंड होते, थंड जड हवा खोलगट भागात उतरून बसते आणि कुशावतीच्या काठाने धुकं धरतं. अशा दिवशी पायथ्याला अंगावर काटा येतो आणि माथ्यावर उलट ऊबदार वाटतं, एरवी वर दोनेक अंश थंड असतं त्याच्या अगदी विरुद्ध. धुकं साडेआठ-नऊपर्यंत विरतं. खाली रस्त्यावर काहीच दिसत नाही म्हणून परत फिरू नये. अर्ध्या चढावर त्यातून बाहेर पडायला होतं.

संध्याकाळी यायचा विचार असेल तर विजांचं ध्यान ठेवायला हवं. ऑक्टोबरात दुपारनंतर घाटावर ढग रचले जातात आणि पूर्वेच्या वाऱ्याबरोबर इकडे सरकतात. माथ्यावरून ते दिसतात, हाच या डोंगराचा फायदा: ढगाचा माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला की वेळ थोडा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. एकट्या झाडाखाली उभं राहायचं नाही. सूर्यास्त ऑक्टोबरच्या शेवटी सहा वाजून आठ-दहा मिनिटांनी होतो आणि झाडीत त्याच्या आधीच अंधारतं. मावळता सूर्य पाहून उतरायचं तर विजेरी हातात नको, डोक्याला बांधलेली हवी. हात मोकळे राहतात आणि गाडीवाल्यालाही तुम्ही दिसता.

कोजागिरीला वर यायची अनेकांची इच्छा असते. पौर्णिमेच्या रात्री चंद्रप्रकाश थेट लिंगावर पडतो आणि लिंगाला पाझर फुटतो, असं परंपरेने सांगितलं जातं. रात्री यायचं असेल तर देवस्थानात आधी विचारावं, गट करावा आणि रस्ता सोडू नये. सोमवारी आणि महाशिवरात्रीला भाविकांची वर्दळ असते, शांतपणे बसायला दुसरा वार बरा.

उतरण्याआधी बूट नव्याने बांधायचे. चढताना नाडी सैल चालते, उतरताना नाही. टाच मागे घट्ट बसवून घोट्याजवळची नाडी आवळायची, बोटांकडची थोडी सैल ठेवायची. तसं केलं नाही तर पाय आत पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख प्रत्येक पावलाला बुटावर आपटून काळं पडतं.

पायऱ्यांवर सावलीतल्या बाजूला दगड काळपट दिसतो. तो दगडाचा रंग नाही, शेवाळाचा वाळलेला पापुद्रा आहे. कोरडा असेपर्यंत धरतो, दंव पडलं की साबण होतो. सकाळी सात ते नऊ हीच दंवाची वेळ आणि नेमके तेव्हाच लोक उतरत असतात. पायरीचा मधला, पायांनी घासून उजळलेला भाग वापरायचा, कडेचा काळा टाळायचा. रस्त्यावर आलं की दाणेदार वाळू. वळणाच्या आतल्या बाजूला पाण्याने ती वाहून आणून पसरलेली असते आणि डांबरावर तिचा थर इतका पातळ असतो की दिसत नाही. टाच आधी टेकवली की पाय पुढे सटकतो आणि माणूस पाठीवर पडतो, हाताचं मनगट जातं ते तेव्हाच. पावलं आखूड, गुडघे किंचित वाकलेले, तळवा सपाट, वजन पायाच्या बरोबर वर. घाईने उतरलं तर गुडघ्याच्या वाटीमागे दुसऱ्या दिवशी ठणका लागतो. चढायला लागला तेवढा नाही, पण त्याच्या दोन तृतीयांश वेळ तरी उताराला द्यावा. काठी असेल तर उतरताना चढतानापेक्षा चार बोटं लांब धरायची.

कुणाचं डोकं जड झालं, अंगावर शहारे आले किंवा घाम येता येता थांबला, तर चालणं बंद. सावलीत आडवं करायचं, पाय थोडे उंच, मानेवर आणि काखेत ओला पंचा, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी. पंधरा मिनिटांत उतार पडला नाही किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर 108 ला फोन. असंबद्ध बोलणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

पायथ्याला नऊ-सव्वानऊला पोचणं बरोबर वेळेचं. तिथे बूट काढून मोजे उलटे करून झटकायचे, गुडघ्यामागे आणि कमरपट्ट्याखाली गोचीड चिकटली आहे का ते हाताने चाचपायचं. सापडली तर चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढायची, पिळायची नाही, तेल किंवा काडी लावायची नाही. मग केप्याहून येणारी मडगावची बस धरायची. पातळभाजी-पाव मडगावात दहापर्यंत मिळून जातो.